एकीला एक तार

भैरोबाची आन घेऊन सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाय! एक जरी अक्षर खोटं निघालं तर माझी जीभ चुलीत घाला, आन् माझ्या धाव्याच्या पिंडाला कावळा बी शिवाय नगं! मोठ्यानं सांगते, म्हंजी आत पेपर तोंडाम्होरं धरून बसल्यात त्येस्नी बी ऐकू जाईल.

तर झालं असं. आमची वरच्या आळीची बायकांची भजनी मंडळी. बारा बायका. टाळ आमचं, आन् पेटी कोंडीबाची. कोंडीबा माझा चुलत दीर. गळ्यात सूर न्हाई, पण पेटीवर बोटं अशी फिरायची की पेटीलाच लाज वाटायची. त्याला खालच्या आळीनं फितवला. कशानं? रोज भजन झालं की पावशेर जिलेबी. आमी द्यायचो कोरा च्या. गेला की पेटी उचलून! जाताना पेटीच्या भात्यानं असा सुस्कारा टाकला की वाटंवरच्या बाभळीची समदी फुलं गळून पडली. जाऊन बघा, आजून त्या बाभळीला फूल न्हाई.

आता यात्रा आली तोंडावर. पालखी निघाली की जी मंडळी म्होरं म्हणत चालती, तिचा मान. मानाला नेम एकच, टाळासंगं एक सुराचं वाद्य पायजेच. आन् यात्रा कमिटीचं अध्यक्ष कोण? तर आमचं मालक. नाव म्या घेत न्हाई, पण दारावर पाटी हाय: सुभेदार नाथाजी, निवृत्त. फौजेतनं माणूस निवृत्त झालं, पर माणसातनं फौज काय झाली न्हाई. ह्येंच्या ताटात भाकरीसुदिक सावधान पडती.

देवळात कमिटी बसली. सुभेदार म्हणलं, "वरच्या आळीकडं पेटी न्हाई. मान खालच्या आळीचा. नेम म्हंजी नेम."

म्या उठले. "आवं, पेटी कुणाला पायजेल? आमी नवं वाद्य आणतोय. तारांचं. आमची राजी वाजिवणार."

राजी म्हंजी राजेश्वरी, माझी नात. साताऱ्याला एमआयडीसीत एका कंपनीच्या हापिसात हाय. मैत्रिणीची गिटार मागून आणायची आन् मोबाइलात बघून शिकायची. हात चांगला बसलाय पोरीचा.

"किती तारांचं?" सुभेदारांनी इचारलं. जसं काय म्या तोफच आणणार हाय.

म्या मागं बघितलं. बाराजणींनी भिशीतनं सारखी वर्गणी काढल्याली. समद्या माझ्याच तोंडाकडं बघत्यात. तोंडातनं निघून गेलं, "बारा! एकीला एक!"

राजीनं माझा पदर वडला. "आजे, गिटारीला सहा तारा असत्यात गं."

पण सुटलेला बाण काय परत येतोय व्हय? सुभेदार समद्या गावाकडं वळलं. "मंडळी, हिनं म्हैस चिंचंवर चढल्याली सांगितली, आपुन ऐकलं. हिच्या म्हायेरच्या हिरीत मगर हाय म्हणली, ती बी ऐकली. आता म्हणती बारा तारा. आन् न्हाई आणल्यास तर?"

"तर ह्या जल्मात पुन्यांदा एक बी गोष्ट सांगणार न्हाई!"

देवळात असं गप झालं की घंटंवरची माशी उडाल्याली ऐकू आली. पोरंसोरं रडकुंडीला आली. सुभेदारांच्या डोळ्यात मातर लगीन झाल्यापासनं पयल्यांदा आशा दिसली.

बघा आता. माझ्याकडनं गोष्ट काढून घेतली तर माझं ऱ्हातंय काय? दोन गुडघं. त्ये बी दुखत्यात.

घरी येताना राजी म्हणली, "आजे, बारा तारांची बी गिटार असती. पण म्हाग असती गं. भिशीच्या पैशात बसणारी गावंल का?"

"असती ना? मग झालं! म्या खोटं बोलतच न्हाई, निस्तं आधी बोलते आन् मग खरं हुतंय."

राजीनं मोबाइलात एक दावली. सवस्त, चकचकीत, बटण दाबलं की घरी येणार. म्या म्हणलं, "फोटूला टिचकी मारून बघता येती व्हय? मडकं घेताना बी बाई वाजवून घेती. आन् हितं तर माझी जीभ गहाण पडलीया."

मग गेलो साताऱ्याला. राजवाड्याजवळ एका गल्लीत दुकान, काचंचं दार, आत गार हवा. दुकानातला पोरगा केसाला तेल चोपडून आल्याला. इंग्रजीच बोलाय लागला. राजी मान हालवती म्हणून म्या बी हालवली. बारा तारांची दावली त्यानं, पण किंमत ऐकून माझ्या कवळीनं दातखिळी बसवली. राजी म्हणली, "ह्याच्यापेक्षा सवस्त?"

पोरगा लय हुशार. म्हणला, "आजी, सहा तारांच्या दोन घ्या की. बारा झाल्या."

खरं सांगते, मला पटलं हुतं. म्या पैशाच्या पिशवीची गाठ सोडाय लागले. राजी म्हणली, "आजे, मला चार हात हायत व्हय?" तवा कुठं डोस्क्यात उजेड पडला. तसं बघितलं तर दोन गिटारी आन् एक राजी म्हंजी दोन नवऱ्यांची एक बायकू. भांडणंच.

तिथनं निघालो. स्टँडवर एका म्हातारीनं सांगितलं, सांगलीला जावा, तिथं वाद्यांची दुकानं लय. म्या म्हणलं, सांगली मला सांगताय व्हय? माझा बा हळद घिऊन सांगलीच्या बाजारला जायाचा, म्या बैलगाडीत हळदीच्या पोत्यावर झोपून जायाची. परत आले की आठ दिस नवरीवाणी पिवळी.

तर यष्टीनं सांगलीला गेलो. मला तिकीट फुकाट, राजीला अर्धं, तवा तितं बी कमाईच झाली. बाजारपेठंत एक दुकान गावलं. बारकं, पण भितीवर समदी वाद्यं टांगल्याली. दुकान भरतेशचं, चाळिशीचा माणूस, गळ्यात मोबाइल. गल्ल्याला त्याचा बा बसल्याला, जवाहरआण्णा. डोईला पांढरी टोपी, कपाळाला गंध, भडंग खात हुता.

भरतेश म्हणला, "या आजी. काय दावू? तानपुरा?"

"बारा तारांची गिटार. गरिबाची."

भरतेशनं आधी माझ्याकडं बघितलं, मग राजीकडं, मग परत माझ्याकडं. "वाजिवणार कोण?"

"वाजिवणार ही. पारखणार म्या."

पयली आणली ती लाल भडक, वर फुलं काढल्याली. नवरीसारखी. म्या तिच्या पोटाला टिचकी मारली. भद्द! कच्च्या मडक्याचा आवाज. म्या म्हणलं, "हिला ताप हाय." राजीनं आत डोकावून बघितलं. पातळ फळ्यांचा थर चिकटवल्याला, आन् वरची फळी पोटावर फुगल्याली.

"आजी, रंग तर बघा," भरतेश म्हणला.

"रंगानं सूर आला असता तर आमची शिमग्याची पोरं गवई झाली असती."

दुसरी आणली. आवाज बरा हुता. म्या ती डोळ्याम्होरं आडवी धरली आन् एक डोळा मिटून दांड्याकडनं बघितलं. नांगराचा इसाड, म्हंजी लांब दांडा, घेताना माझा बा असाच बघायचा, बाक असला की ठेवून द्यायचा. दांडा धनुष्यागत वाकल्याला! तारा दांड्यापास्नं इतक्या वर की मधनं मांजर निघून जाईल.

राजी म्हणली, "आजे, ही दाबायची म्हंजी बोटं रगताळायची."

भरतेश म्हणला, "बारा तारांचा वड लय असतोय वो. सवस्तात दांडा टिकत न्हाई."

म्या म्हणलं, "बारा बायका एका दांड्याला वडणार, त्यो बिचारा वाकणार न्हाई तर काय."

मग माझी नजर वर गेली. आढ्याजवळ एक काळी गिटार टांगल्याली. धुळीनं भरल्याली. खुंट्या अकरा पांढऱ्या, एक पिवळी. "ती काढा."

"ती नगं आजी. लय दिस पडून हाय. एक खुंटी तुटल्याली, दुसरीकडची बसिवली. आन् बारा तारा सुरात लावायचं काम लय, गिऱ्हाईक कट्टाळून परत आणून देतंय."

"काढा म्हणते न्हवं."

पदरानं पुसली. टिचकी मारली. खण्ण! पक्क्या भाजल्याल्या घागरीचा आवाज. दांडा बघितला, सरळसोट. राजी तिच्या तारा लावत बसली. लावता लावता भरतेशचा दोन बारी च्या झाला आन् आण्णांची एक डुलकी. मग पोरीनं हात फिरवला.

काय सांगू तुमाला! एक वाजती का दहा वाजत्यात त्येच कळंना. भितीवरच्या समद्या वाद्यांच्या तारा हात न लावता गुणगुणाय लागल्या. राजी म्हणती, असं हुतंच असतंय. पण म्होरचं ऐका. समोरच्या दुकानातला वजनकाटा डुलाय लागला, आन् आण्णांच्या ताटलीतलं भडंग उड्या मारून खाली पडलं. राजीला इचारा. न्हाई, तिला नगं इचारू, ती डोळं मिटून वाजवत हुती.

आता भाव. भरतेश कागद बघाय लागला. म्या म्हणलं, "आण्णा, रुमाल हाय का?"

आण्णांच्या हातातला घास तसाच ऱ्हायला. "काय म्हणला?"

"हळदीचा सौदा कसा करायचा? रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून. कुणाला दिसाय नगं, कुणाला ऐकाय नगं. आणा रुमाल."

आण्णा जाग्यावरनं उठलं. त्येंचा बा हळदीचा आडत्या हुता म्हणं, आण्णांनी बी तरुणपणी लय सौदं केल्यालं. खांद्यावरचा टावेल काढून आमच्या हातावर टाकला.

"आण्णा, त्येच्यावर बारकोड हाय की," भरतेश म्हणला.

"गप रं. आजी, बोला."

म्या चार बोटं दाबली. आण्णांनी माझा समदा पंजा दाबला. म्या एक बोट सोडून बाकीची परत ढकलली. आण्णा हासलं. म्या त्येंची करंगळी अशी धरली की आण्णा म्हणलं, "आवं आजी, बोट माझंच हाय, ते दुकानातलं न्हाई." रस्त्यावरची माणसं थांबली. टावेलाखाली दोन म्हातारी माणसं काय करत्यात म्हणून कुणीतरी मोबाइल काढला. शेवटी म्या आण्णांच्या तळव्यावर थाप मारली. आण्णांनी मान हालवली. झाला सौदा!

"किती झालं?" राजीनं इचारलं.

"सांगितलं तर रुमाल कशाला टाकला?"

भिशीच्या पिशवीत बसलं, येवढंच सांगते. वरनं एक भडंगाची पुडी आली.

येताना यष्टीत गिटार वाकळंत गुंडाळून मांडीवर घेतली हुती. एका पैलवानानं उठून जागा दिली. "पेशंट हाय व्हय?" म्हणला. म्या म्हणलं, "व्हय, आतड्यांचं बघा. बारा हायत."

गावात आलो आन् खरी शाळा सुरू झाली. बाराजणी ओसरीवर बसल्या. कुणाची तार कुठली? काही तारा सोनेरी आन् जाड, काही पांढऱ्या आन् बारीक. समद्यांस्नी सोनेरी पायजे. मग भिशीवाणी चिठ्ठ्या टाकल्या.

आन् तिथंच राजीनं सांगितलं, "आजे, ह्या तारा सुट्ट्या नसत्यात गं. दोन दोनच्या जोड्या असत्यात. एक दाबली की दुसरी बी दाबती. एकटी वाजिवता येत न्हाई."

चिठ्ठ्या उघडल्या. एका जोडीत कोण आलं? दगडाबाई आन् धोंडुबाई!

ह्या दोघी सख्ख्या जावा. सासूनं बघूनच आणल्या असतील, एक दगड, एक धोंडा. पण दोघींत बोलणं न्हाई. घराची वाटणी झाली तवा समदं निम्मं निम्मं झालं. रान झालं, भांडी झाली, आंब्याचं झाड बी फांद्या मोजून झालं. ऱ्हायलं सासऱ्याचं तुणतुणं. म्हातारा त्यावर भारूड म्हणायचा, आन् दोन्ही सुनांवर त्याचा लय जीव. आता तुणतुण्याला तार एकच. वाटणार कशी? धोंडुबाईनं उचलून घरात नेलं, तवापासनं दगडाबाईनं तोंड फिरवलं. भजनात बी दोघी दोन टोकाला बसायच्या.

दगडाबाईला पांढरी बारीक तार आली, धोंडुबाईला सोनेरी जाड. दगडाबाईचा भाऊ विट्याचा, सोनं गाळायच्या धंद्यातला. ती फणकारली, "सोन्याच्या घरची म्या, आन् मला पांढरी व्हय?" मग माझ्याकडं बघून म्हणली, "रंगूबाई, सांग तिला, माझी आधी वाजली पायजे."

धोंडुबाई बी माझ्याकडंच बघून म्हणली, "सांग तिला, जाडीचा मान आधी."

तीन हात अंतरावर बसल्याल्या, पण सांगावा माझ्यामार्फत. राजीनं हात फिरवून बघितला. "खाली हात जाताना पांढरी आधी लागती, वर येताना सोनेरी."

"मग झालं," म्या म्हणलं, "हिरीच्या पाण्यावाणी पाळी. जाताना दगडाची, येताना धोंड्याची."

यात्रा आली. पालखी निघायची येळ, दिस आजून कासराभर वर. देवळाम्होरं समदं गाव. खालच्या आळीचा कोंडीबा पेटी घिऊन बसल्याला, मिश्यांस्नी जिलेबीचा पाक लागल्याला. सुभेदार फौजंतला कोट घालून, छातीवर पदकं, पुढं आलं. "दाव वाद्य."

राजीनं वाकळ सोडली. गावानं तोंडात बोट घातलं. सुभेदार वाकून तारा मोजाय लागलं. एक, दोन, तीन. आन् सातव्या तारंला बोट लागलं की टण्ण! तार तुटली. बारीक पांढरी. दगडाबाईची.

सुभेदार सरळ उभं ऱ्हायलं. "अकरा."

"आवं, तुमीच तोडली की!"

"तुटली ती गेली. फौजेत पडलेला शिपाई हजेरीत मोजत न्हाईत. बारा म्हणली हुतीस. अकरा हायत."

माझ्या जिभंला काटा आला. म्या म्होरचं समदं आयुक्ष बघितलं. च्या टाकायचा, भाकरी थापायची, आन् कुणी इचारलं "म्होरं काय झालं आजी?" तर गप बसायचं. दगडाबाई पदर तोंडाला लावून म्हणली, "माझीच तुटायची हुती. माझ्या वाटंला कवाच काय ऱ्हात न्हाई."

राजीला इचारलं, "दुसरी न्हाई व्हय गं?"

"न्हाई आजे. बारीक तार लय तुटती म्हणत हुते भरतेशकाका. म्या एकादी जादा घ्यायची इसरले."

तेवढ्यात बघते तर धोंडुबाई जाग्यावर न्हाई. म्या म्हणलं, गेली बया, तिला आनंद झाला. आन् मग आली ती धापा टाकत, हातात सासऱ्याचं तुणतुणं. उभ्या गावाम्होरं तिनं त्याची खुंटी फिरवली, तार सोडली. खुंटीला म्हाताऱ्यानं जादा तार गुंडाळून ठिवल्याली हुती, ती बी सोडली. आन् माझ्याकडं न बघता, सरळ दगडाबाईच्या म्होरं गेली.

"घे," म्हणली. "तुझ्या जागी लाव."

"तुझ्या तुणतुण्याला मग काय ऱ्हाईल?" दगडाबाई म्हणली.

"तुणतुण्याला काय करायचंय? म्या काय भारूड म्हणते? इतकी वर्सं खुंटीवर टांगून ठिवलं, तुला जळवायला. आता वाजू दे की म्हाताऱ्याची तार."

"तुझ्या शेजारी लागणार की गं ती."

"लागू दे. तुझा आवाज बारीकच हाय पयल्यापासनं. म्या सांभाळून घीन."

दगडाबाई म्हणली, "तू सांभाळणार मला? बाई गं!" आन् दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की पालखीच्या भोयांनी चपला काढून वर ठिवल्या, भिजतील म्हणून.

राजीनं तुटल्या तारंचं पितळी कडं काढलं, त्यात म्हाताऱ्याची तार पिळून बसवली, पिवळ्या खुंटीला गुंडाळली, हळूहळू वर चढवत नेली. पोरगी म्हणली, "लागली."

सुभेदारांनी परत मोजलं. बोट न लावता, हात मागं बांधून. बारा.

मग आमी उठलो. राजीनं गळ्यात पट्टा अडकवला, हात खाली गेला, दगडाबाई वाजली, हात वर आला, धोंडुबाई वाजली, आन् बाराजणींनी एकदम गळा काढला. पालखीम्होरं चालवायला आणल्याली जत्रंची दोन बैलं, कुणाला न ऐकणारी, गुडघ्यावर बसली. हिरीचं पाणी एक परस, म्हंजी माणूसभर, वर आलं. कोंडीबानं पेटी बंद केली, जिलेबीचा पुडा तिच्यावर ठिवला, आन् आमच्या मागनं टाळ वाजवत चालाय लागला. पालखी देवळाला वळसा घालून आली तवा सुभेदारांनी माइक घेतला आन् समद्या गावाम्होरं म्हणलं, "माझी बायको खरं बोलली. तिला म्होरं बी बोलू द्यावं."

बरं. आत पेपर हालाय लागलाय, म्हणून सांगून टाकते. येवढं एक म्या पदरचं घातलंय. माइक-बिइक काय घेतला न्हाई त्येनी. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणलं, "बारा हुत्या. च्या टाक." येवढंच.

पण टाकलेला च्या घिऊन माझ्या बाजूला बसलं, आन् म्हणलं, "ती म्हैस चिंचंवर चढली, ती उतरली कशी, ते सांगितलंच न्हाईस कवा."

हे मातर खरं हाय. आन् बैलांचं बी खरं हाय.